आजोबांची खुर्ची, बाबांची खुर्ची आणि आईचं कपाट

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत फर्निचर म्हणावं असं फारसं नव्हतंच. रात्री गाद्या पसरायच्या, सकाळी गुंडाळून पलंगाखाली सारायच्या. जेवायला पाट, अभ्यासाला खिडकीचा कट्टा. जागाच नसलेल्या घरात एखादी वस्तू वर्षानुवर्षं टिकली, तर तिच्यासाठी कुणीतरी कुणाशी तरी भांडलेलं असतं, हे धरून चालावं. चाळ पुनर्विकासाला गेली आणि नवी इमारत होईपर्यंत बोरिवलीला भाड्याने राहायचं ठरलं. काय न्यायचं आणि काय काढायचं याची यादी करायला बसलो तेव्हा वाद झाले ते तीनच वस्तूंवरून: आजोबांची आरामखुर्ची, बाबांची इराण्याची खुर्ची आणि आईचं गोदरेजचं कपाट. बाकीचं सगळं भंगारवाल्याने उचललं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

माझा भाऊ व्यवहारी माणूस. "ताई, वेत फाटलाय, पॉलिश उडालंय, मागचा पाय हलतोय. उरलं काय त्या खुर्चीत?" असं त्याने फोनवर विचारलं. तो पुण्यात असतो, त्यामुळे त्याच्या व्यवहारीपणाला अंतराची मदत मिळते. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, म्हणजे घरच्या हिशेबाने रिकामी. खुर्ची दुरुस्त करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं ते असं.

खुर्ची आहे जुन्या घाटाची, लांब हातांची. हातांच्या खाली आणखी एकेक फळी असते, ती फिरवून पुढे काढायची आणि तिच्यावर पाय टाकून पडायचं. मळेवाल्या गोऱ्या साहेबांच्या व्हरांड्यात शोभेल असं हे प्रकरण राजापूरहून आलेल्या, गोदीत कारकून असलेल्या माणसाकडे कसं आलं, याबद्दल घरात तीन कथा आहेत. आत्या सांगते की सत्तेचाळीस साली गोदीतला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात आजोबांनी ती घेतली. बाबा सांगायचे की गोदीतल्या स्फोटानंतर जे लाकूड पडून होतं, त्यातून आजोबांनी ती करवून घेतली. चुलतकाकांच्या म्हणण्याप्रमाणे कुणीतरी आजोबांचे पैसे बुडवले आणि त्या बदल्यात ती मिळाली. काकांची कथा आमच्याकडे कुणालाच आवडत नाही, त्यामुळे मला ती पहिल्यापासून जरा खरी वाटत आली आहे.

तिन्ही कथांत एक गोष्ट मात्र समान होती. लाकूड बर्मा टीक. हे सांगताना बाबांचा आवाज बदलायचा. मुंबईला आणि बर्मी सागाला एकमेकांची जुनी ओळख आहे, हे खरंच. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली मुंबईत निघाली ती तिथल्या सागाच्या जिवावर, आणि १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मदेश युद्धालाही याच कंपनीच्या लाकूडतोडीचा तंटा निमित्त झाला. पण बाबांच्या कथेचा हिशेब मला लहानपणीही जुळत नसे. रंगून जपान्यांच्या हाती पडलं मार्च १९४२ मध्ये. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला १४ एप्रिल १९४४ ला. मग दोन वर्षं बंद पडलेल्या वाटेने लाकूड आलं कुठून? "जुना साठा असतो गोदीत," असं बाबा म्हणायचे आणि विषय सोन्याच्या विटांकडे वळवायचे. त्या जहाजात कापूस, दारूगोळा आणि सोनं एकत्र भरलेलं होतं, विटा उडून लांबलांबच्या घरांवर पडल्या, आग विझवताना अग्निशमन दलाची साठाहून जास्त माणसं गेली, हे सगळं ते इतकं रंगवून सांगत, की खुर्चीचं लाकूड कुठल्या झाडाचं हे विचारणं कद्रूपणाचं वाटे.

मटन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक जुने पॉलिशवाले आहेत असं कळलं होतं. भेंडीबाजाराचाही पुनर्विकास चालू असल्याने अर्धी गल्ली पत्र्यांच्या आड गेलेली, आणि मिस्त्री दुकान हलवून एका गाळ्यात बसलेले. टेम्पोतून खुर्ची उतरवली. त्यांनी ती उलटी केली, खालच्या कोपऱ्यात किसणीने एक बारीक साल काढली, हुंगली आणि म्हणाले, "अच्छा माल है. सीपी है."

"बर्मा आहे ना?"

"बर्मा नहीं मॅडम. सीपी."

सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत कधीच नकाशावरून गेला, पण लाकूडबाजारात चंद्रपूर-बल्लारशाकडच्या सागाला आजही सीपीच म्हणतात, जसं डांगकडच्या सागाला वलसाडी. मिस्त्रींनी मला फरक दाखवला. बर्मी सागाची रेघ सरळ असते, रंग एकसारखा, गाठी कमी, हाताला किंचित तेलकट. या लाकडाची रेघ नागमोडी होती आणि मधूनमधून काळपट पट्टे धावत होते. "देखने में तो ये जादा सुंदर है," असं म्हणून त्यांनी माझी समजूतही घातली. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचं रक्तदाबाचं औषध चालू आहे.

मग त्यांनी एका चिंधीवर स्पिरिट घेऊन पाठीमागच्या बाजूला घासलं. चिंधी तपकिरी झाली, लाकूड चिकट झालं. म्हणजे पॉलिश लाखेचंच होतं, नंतर कुणी त्यावर मेलामाइनसारखं रासायनिक पॉलिश चढवलेलं नव्हतं. ही चांगली बातमी. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे जुन्यावर नवं बसतं आणि लाकूड फार खरवडावं लागत नाही. मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असतं तर सगळं घासून काढावं लागलं असतं, आणि त्यात लाकडाचा वरचा, वयाने गडद झालेला थर जातो. तो गेला की शंभर वर्षांची खुर्चीसुद्धा काल दुकानातून आणल्यासारखी दिसते. मला ते नको होतं. मिस्त्रींना मात्र माझं म्हणणं नीट पटलं नाही. त्यांच्या लेखी चमक म्हणजे काम, आणि मी पैसे देऊन अर्धवट काम मागत होते.

काम लगेच सुरू झालंच नाही, कारण पाऊस. हवेत ओल असली की लाखेचा हात पांढुरका पडतो, धुरकट दिसतो आणि मग पुन्हा पुसावा लागतो. म्हणून दसऱ्यानंतर या, असं त्यांनी सांगितलं. तोवर सांधे उघडून ठेवतो म्हणाले.

सांधे उघडण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. जुन्या सुतारकामात लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून सरसाने चिकटवायचे आणि वरून बांबूची खुंटी ठोकायचे. सरस गरम पाण्याने सैल होतो, तेव्हा किटलीतून पाणी सोडत, लाकडी हातोड्याने हलके टोले देत मिस्त्रींनी एकेक पाय सोडवला. सरस होता म्हणजे मूळ बांधणी बहुधा फेविकॉलच्या आधीची, फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. मागच्या डाव्या पायापाशी मात्र ते अडले. सांध्यात आडवा एक भलामोठा लोखंडी खिळा होता आणि त्याच्या भोवती लाकूड काळं पडून फाटलेलं.

"ये किसने ठोका?" त्यांनी इतक्या तिरस्काराने विचारलं, की "माझ्या वडिलांनी" हे सांगायला मला एक क्षण लागला. बाबा विमा कंपनीत होते. घरात त्यांच्याकडे एकच हातोडी होती आणि दुरुस्तीचा एकच प्रकार त्यांना येत होता. खिळा काढताना लाकडाचा एक कपचा निघाला, तिथे त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा बसवावा लागला. त्यांनी तो चोरबाजारातल्या मोडक्या दाराच्या चौकटीतून काढला.

उघडलेल्या सांध्यांच्या आत पटाशीने केलेल्या खुणा होत्या, म्हणजे कुठला पाय कुठल्या खाचेत ते चुकू नये म्हणून. आणि बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडे. एक, दोन, तीन तर आपले वाटावेत असेच, पण पाचाचा आकडा आपल्या 'प'सारखा. मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिलं. "गुजराती मिस्त्री का काम है." मुंबईतल्या जुन्या सुतारांत गुजराती पुष्कळ, त्यामुळे यात आश्चर्य नाही. पण साहेबाच्या लिलावाची आणि स्फोटाची कथा एकदम फिकी पडली. बल्लारशाचं लाकूड, गुजराती सुतार, बहुधा इथेच कुठेतरी मैल-दोन मैलांत तयार झालेली खुर्ची. साहेब आपल्या व्हरांड्यासाठी तीच विकत घेऊ शकतो, हेही खरं. पेन्सिलीच्या आकड्यांवरून मालक कळत नाही.

दिवाळीच्या आधी पॉलिशचं काम लागलं. चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांसारखी मिळते ती, रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून सकाळी कापडातून गाळायची. कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर फिरवत राहायचं, आधी रेघेच्या दिशेने, मग आठाच्या आकड्यात. एक हात सुकला की दुसरा. मध्ये अगदी बारीक पेपर. बोळा एका जागी थांबला की खालचा थर उचलला जातो, म्हणून हात थांबवायचा नाही. मिस्त्री बोलायचे, चहा घ्यायचे, मोबाइलवर ओरडायचे, पण उजवा हात चालूच. मीही थोडा वेळ बोळा फिरवला. त्यांनी तेवढा भाग नंतर, मी बघत नाही असं समजून, पुसून पुन्हा केला.

या घोटण्याच्या सुरुवातीलाच डागांचा प्रश्न आला. खुर्चीच्या हातांवर पांढरी वर्तुळं बरीच होती, गरम कपबशीची. ती लाखेच्या थरातच असतात, लाकडापर्यंत पोचत नाहीत. स्पिरिटचा हात फिरला की जातात, आणि गेलीही. पण उजव्या हातावर एक काळा डाग होता, दोन टोकांचा, उघड्या चिमट्यासारखा. तो घासूनही हलेना. काळा डाग लाकडात उतरलेला असतो. ओल आणि लोखंड एकत्र सागावर राहिलं की तिथे लाकूड काळं पडतं. मिस्त्री म्हणाले ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावून काढतो, दहा मिनिटांचं काम. मी थांबा म्हटलं, फोटो काढला आणि आईला पाठवला. आई एक्याऐंशीची आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपला तिचं उत्तर माझ्या भावाच्या आधी येतं.

तिचा फोनच आला. "अगं, तो अडकित्त्याचा डाग आहे."

"आजोबांचा?"

"त्यांना कुठे सुपारी चालायची? सासूबाईंचा. दुपारी सासरे गोदीत असायचे तेव्हा त्या तिथे बसायच्या. पान लावायचं, अडकित्ता धुऊन तसाच ओला हातावर ठेवायचा, आणि पाय वर घेऊन झोपायच्या. साडेपाचला उठून पदराने खुर्ची पुसायच्या."

माझं लग्न होईपर्यंत मी त्या घरात होते. आजी गेली तेव्हा मी शाळेत होते. आजी आठवते ती पाटावर बसलेली, विळीपाशी, पुढ्यात भाजी. त्या खुर्चीचा उल्लेख आजोबांची खुर्ची याखेरीज मी कधी ऐकला नाही. पाहुणे आले तरी तिच्यावर कुणी बसत नसे, आजोबा गेल्यावरही कितीतरी वर्षं. आणि तिच्या हातावर इतक्या दुपारच्या पानांची निशाणी बसेल इतकं कुणीतरी रोज तिथे पाय वर घेऊन पडत होतं. आईला ते माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

"रहने दो," मी मिस्त्रींना सांगितलं. ते नाराज झाले. त्यांचं म्हणणं, कुणी पाहिलं तर म्हणेल काम कच्चं केलं. शेवटी तडजोड अशी झाली की डाग राहील, पण दुकानाचं नाव मी कुणाला सांगणार नाही. म्हणून ते इथेही लिहिलेलं नाही.

वेताचं काम वेगळ्या माणसाचं. हल्ली तयार विणलेली जाळी पट्टीने मिळते, ती कापून खाचेत दाबून बसवतात. पण आमच्या खुर्चीच्या चौकटीला कडेने भोकं होती, म्हणजे ती हाताने विणायची जात. जाळी तिथे बसत नाही. ओळखीतून एक काका मिळाले. त्यांना दिसत नाही. अंधशाळेत हे काम शिकले. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणायचं काम कितीतरी वर्षं अंध कारागिरांकडे असे. पंख्याच्या काळात वेताची खुर्ची म्हणजे पाठीला वारा. पुढे एसी आले, गाद्यांच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि काम आटलं. "मंत्रालयातल्या किती विणल्या असतील, मोजल्या नाहीत," ते म्हणाले. "कोण बसायचं ते आपल्याला काय माहीत! भोकं माहीत."

ते मुलाबरोबर घरी आले. आम्ही तोवर बोरिवलीला आलो होतो. आधी त्यांनी चौकटीवरून बोटं फिरवली, सगळ्या बाजूंनी, सावकाश. भोकांमध्ये अडकलेले जुने तुकडे टोच्याने काढताना दोन वेगळ्या जाडीचा वेत निघाला. "आधी निदान दोनदा विणलीय. आणि दुसऱ्यांदा विणणारा घाईत होता." हे कसं कळलं विचारल्यावर त्यांनी माझं बोट धरून एका कोपऱ्यातल्या भोकाच्या कडेवर ठेवलं. कडा चिरलेली होती. कोरडा वेत जोर लावून ओढला की लाकूड असं चिरतं.

"प्लास्टिकचा घालू का ताई? टिकतो. कचेरीत आता तोच मागतात."

मी नको म्हटलं आणि त्यांचा चेहरा खुलला, असं मला तरी वाटलं.

विणायला वापरतात ती वेताची वरची चकचकीत साल, पट्ट्या काढलेली. ती पाण्यात भिजवून मऊ करायची, आणि काम चालू असताना ओली ठेवायची. पहिली फेरी उभी, पुढून मागे. प्रत्येक भोकात लाकडाची छोटी खुंटी खोचून ताण धरून ठेवायचा. दुसरी आडवी, नुसती वरून. तिसरी पुन्हा उभी, पहिल्याच्या शेजारून. चौथी आडवी, पण आता वर-खाली विणत, आणि इथून पट्ट्यांच्या जोड्या जमायला लागतात. मग दोन तिरप्या फेऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि त्या झाल्या की मधल्या चौकोनांची अष्टकोनी भोकं होतात. शेवटी कडेने जाड पट्टी बांधून भोकं झाकायची. सांगायला सोपं. तिरप्या फेरीत प्रत्येक पट्टी एका जोडीच्या वरून आणि दुसऱ्या जोडीच्या खालून जायला हवी, एक चुकली की पुढची सगळी रांग घासत जाते आणि वेत लवकर तुटतो. काका वेताचं टोक सरकवताना मान दुसरीकडेच असे. डावं बोट खालून वाट दाखवत असे आणि उजवा हात वरून येत असे. चुकलंच तर त्यांना आवाजावरून कळे. पट्टी बरोबर सरकली की सरसर असा एकच आवाज, चुकीच्या बाजूने गेली की खरखर. आईने त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, शाळेच्या. आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मी चहा करत होते तेवढ्यात त्यांना आमची सगळी घरची माहिती झाली होती.

विणून झाल्यावर बैठक थोडी सैल वाटली. दोन दिवस कुणी बसू नका म्हणाले. वेत वाळताना आकसतो. तसंच झालं, तिसऱ्या दिवशी बोटाने वाजवलं तर टणक आवाज. त्यांनी सांगून ठेवलं आहे की उन्हाळ्यात अधूनमधून खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे वेत कडक होऊन तुटत नाही. वरून नाही, वरची साल पाणी पीत नाही. आणि गुडघा टेकवून चढायचं नाही. हे शेवटचं भावाच्या मुलांसाठी.

बाबांच्या खुर्चीला इतका व्याप नव्हता. ती काळी, गोल बैठकीची, वळवलेल्या लाकडाची, इराण्याच्या हॉटेलात असते ती. बाबा कोपऱ्यावरच्या इराण्याकडे रोज सकाळी ब्रून मस्का आणि पानी कम चहा घ्यायचे, ठरलेल्या टेबलावर. हॉटेल बंद झालं तेव्हा मालकाने जुन्या गिऱ्हाइकांना खुर्च्या वाटल्या, आणि बाबांनी आपली डोक्यावर घेऊन घरी आणली. ही कथा एकच आहे, तिला पाठभेद नाहीत, कारण चाळीने ती वरात पाहिलेली आहे. आईने दारातच विचारलं होतं, "ठेवणार कुठे?" पुढे तीस वर्षं ती फ्रीजच्या शेजारी अडचणीत उभी होती आणि बाबा तिच्यावर बसून पेपर वाचत. आईचा प्रश्न तसा अजून सुटलेला नाही.

मिस्त्रींनी तिला हातात घेताच स्क्रूड्रायव्हर काढला. या खुर्चीची मूळ कल्पना मिशाएल थोनेट नावाच्या कारागिराची, १८५९ ची. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वळवायचं. अख्खी खुर्ची सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नटांची. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून तर त्या जगभर गेल्या आणि मुंबईच्या नाक्यानाक्यावर पोचल्या. पेटंट संपल्यावर इतर कारखान्यांनीही त्या घाटाच्या काढल्या. आमची कुणाची? बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला, काळ्या रंगाच्या थरांखाली, दाबून उठवलेली अक्षरं होती. कारखान्याचं नाव झिजलेलं, पण 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' एवढं वाचता आलं. म्हणजे १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देश नव्हता. आणि १९९३ पासून तो नाहीही. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी ते पुढची दहा वर्षं पाहुण्यांना सांगितलं असतं, दरवेळी थोडं वाढवून.

स्क्रू आवळले, एक गंजलेला बदलला, काळा रंग तसाच ठेवला. अर्ध्या तासात काम संपलं. मिस्त्रींनी तिचे पैसे घेतले नाहीत, वर ती विकत मागितली. चोरबाजारात आता या खुर्च्यांना चांगला भाव आहे, खाण्यापिण्याची नवी ठिकाणं जुनी दिसावीत म्हणून घेतात.

राहिलं आईचं कपाट. त्याच्याबद्दल भाऊ म्हणाला, "कपाटाला काय गोष्ट आहे? आणलं आणि ठेवलं." मलाही तसंच वाटत होतं. राखाडी-हिरवं, एका दाराला आरसा, बंद करताना मूठ खाली दाबली की सगळ्या चाळीला कळेल असा खटका. मुंबईतल्या निम्म्या घरांत होतं. गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्याही झाल्या, लाखांनी. कपाटाला ना स्फोट, ना साहेब, ना डोक्यावरची वरात.

हलवण्यासाठी ते रिकामं करताना आतल्या लॉकरमधून आईने एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पावती होती, पतपेढीचं कर्जाचं पुस्तक होतं आणि हप्त्यांच्या नोंदींचा एक कागद, आईच्या शाळेतल्या अक्षरात. साल १९७४. आईला साल न बघता आठवत होतं, कारण मे महिन्यात रेल्वेचा संप होता आणि ती दादरच्या शाळेत चालत जात होती. घरातून विरोध होता. आजोबांचं म्हणणं, घरात ट्रंका असताना लोखंडी कपाट कशाला, आणि बायकांनी कर्ज काढायचं म्हणजे काय. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नसत तेव्हा त्याचा अर्थ लावायचं काम आईकडे असे, आणि तिने तो सोयीचा लावला. कर्ज तिने पगारावर काढलं. पावतीवरचा आकडा नीट वाचता येतो, पण तो इथे लिहू का म्हटल्यावर ती म्हणाली, "माझा तेव्हाचा पगार लोकांना कशाला?"

"पण एवढं घ्यायचंच का होतं?"

"कुलूप होतं म्हणून."

दोन खोल्या, सात माणसं. ट्रंका सगळ्यांच्या, कोणीही उघडायचं. कपाटाच्या लॉकरची किल्ली एकटीची. आत काय ठेवायचीस विचारलं तर म्हणाली, सुरुवातीला काहीच नव्हतं ठेवण्यासारखं. नंतर पगाराचं पाकीट, मग तिच्या परीक्षेची सर्टिफिकेटं, सासूबाईंच्या पाटल्या. आजीने स्वतःहून आणून दिल्या होत्या त्या, आजोबांना न सांगता. अडकित्ताही होता त्याच लॉकरमध्ये, फडक्यात गुंडाळलेला. आजी गेल्यावर आईने ठेवला होता. मी तो नेऊन खुर्चीच्या हातावर ठेवून पाहिला. डागावर बसला.

कपाट जिन्यावरून उतरवणं हा स्वतंत्र अध्याय आहे. चाळीचा जिना लाकडी, वळणावर अरुंद. हमाल दोर लावून उतरवत होते आणि आई वरून सूचना देत होती, कारण तिला ते वर कसं चढवलं ते आठवत होतं: आरसा भिंतीकडे, पाय आधी. हमालांनी आधी दुर्लक्ष केलं आणि वळणावर अडकल्यावर ऐकलं. बोरिवलीच्या लिफ्टमध्ये ते मावेना, पुन्हा जिना. भावाने पुण्याहून सुचवलं की रंग उडालाय तर गाड्यांच्या गॅरेजमध्ये स्प्रे मारून घ्या, छान मॅट पांढरं करता येतं, नव्या घराच्या फर्निचरला जुळेल. आईने फोन माझ्याकडे परत दिला आणि कपाटाची मूठ खाली दाबून खटका नीट बसतो का ते बघितलं.

आत्या परवा आली होती. लखलखीत खुर्ची बघून तिचे डोळे भरून आले. बैठकीवर हात फिरवत म्हणाली, "बर्मा टीक ते बर्मा टीकच." आई माझ्याकडे बघत होती. मी पोहे करायला आत गेले.

बाहेरून आईचा आवाज आला. ती आत्याला खर्च सांगत होती, विणकामाचे एवढे, पॉलिशचे एवढे, टेम्पोचे एवढे, सगळं बिनचूक. मी तिला एकही आकडा सांगितलेला नव्हता. बिलं मी तिच्याच कपाटात ठेवली होती.